आधी नाडी मोजा

माझी मुलगी आजारी आहे, हे मी श्रावणापासून सांगत होते. ऐकलं कुणी नाही. सासूबाईंना तिच्या सोमवारांचं कौतुक, जाऊबाईंनी तर ‘इतकी बारीक कशी झालीस?’ म्हणत तिचं डाएट लिहून घेतलं. श्रावण संपला तरी उपास संपेनात. गुरुवार, संकष्टी, एकादशी. त्यातही खिचडी नको, वरी नको, नुसतं ताक. ताटावर बसली की पोळीचे बारीक कपटे करून कडेला सारायची. जेवायची वेळ जवळ आली की तळहाताला घाम, छातीत धडधड. मैत्रिणींचे फोन घेईना. पाळी थांबली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक लिहून दिलं. पाळीचं सांगितल्यावर मुलीकडे न बघताच म्हणाले, ‘या वयात होतं असं. तुम्हीच जरा शांत राहा.’ ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे तिला तेल लावायला बसवलं. एरवी सैल स्वेटशर्टशिवाय ती दिसायचीच नाही. हात पाठीवरून फिरवला तर एकेक मणका बोटांना लागला. पाठीवर, दंडांवर बारीक मऊ लव उगवली होती, तान्ह्या बाळाच्या अंगावर असते तशी. डोक्याचे केस मात्र हातात येत होते. गरम पाण्याशेजारी बसूनही तिचे हात गार. दीर दारात फटाके लावायला बोलावत होते. मी उटण्याची वाटी तशीच ठेवली आणि नवऱ्याला आत बोलावून म्हटलं, ‘बघा.’ त्या दिवशी घरातला वाद संपला.

तरी मध्ये एक समुपदेशक बाई भेटल्याच. पैसे आगाऊ. मुलीला काट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचला, ‘सकारात्मक विचार कर’ म्हणाल्या आणि दोष माझ्या अपेक्षांना दिला. शिक्षण विचारलं तर चार दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र! म्हणून सांगते, लाजू नका, विचारा. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागा. राग आला त्यांना, तर उठून या.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी नाडी मोजली: ४५. मग ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस. अॅनोरेक्सिया, जोडीला चिंता आणि नैराश्य. लगेच दाखल करून घेतलं. इकडे सासूबाई डिंकाचे लाडू घेऊन हजर. उपाशी शरीराला एकदम भरवलं तर रक्तातलं फॉस्फरस घसरतं, हृदयावर बेतू शकतं. अन्न वाढवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. हे प्रत्येक आजीला कुणीतरी सांगा.

घरी आल्यावर जेवणाची सूत्रं आईवडिलांनी हातात घ्यायची, ही लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून पुढे आलेली पद्धत आम्हाला शिकवली. ताट मी वाढते, ते संपेपर्यंत शेजारी बसते, कॅलरीवर वाद घालत नाही. ती ओरडते, रडते. ते आजाराचं बोलणं असतं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्या मनानं बंद करू नयेत.

आणि मूल बारीक दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. खाऊन मग उलटी काढण्याच्या आजारात, म्हणजे बुलिमियात, वजन बहुधा नेहमीसारखंच असतं. जेवल्या जेवल्या बाथरूम गाठणं, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, दातांची झीज, याकडे बघा.

विमा कंपनीनं ‘मानसिक आजार बसत नाही’ म्हणून दावा फेटाळला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २१ विम्यात शारीरिक आजारासारखीच सोय द्यायला सांगतं. ते लिहून पाठवल्यावर पैसे आले.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आणि कृपा करून, कुणाच्याही मुलीला ‘किती बारीक झालीस’ असं कौतुकानं म्हणू नका.