फुकटचा खेळ, कुणाची तरी मजुरी



गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातला संगणक एकाएकी रेंगाळू लागला. पाहते तर अँटीव्हायरस बंद. दहावीतल्या एका मुलाने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ कुठूनसा फुकट उतरवून घेतला होता आणि तिथल्या सूचनेप्रमाणे अँटीव्हायरस बंद केला होता. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, बँक खात्यांची माहिती, सारे त्याच संगणकावर!

तो म्हणाला, “ताई, नेटवर फुकटच होतं. यात चोरी कसली?”

मी त्याला जवळ बसवले.

1. मेहनत कुणाची? अमेरिकेतील एरिक बॅरोन यांनी चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून हा खेळ तयार केला. चित्रे, संगीत, प्रोग्रामिंग, सगळे त्यांचेच. 2016 साली तो विक्रीस आला. त्याआधी ते नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करीत. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (2020) हाही लहान गटाने केलेला खेळ. अशांची चूल विक्रीवरच पेटते. मी विचारले, “आई पहाटे मोहफुलं वेचते आणि व्यापारी काटा मारतो, तेव्हा?” तो गप्प झाला. मजुरी अडवणाऱ्यांना याकोबाच्या पत्रात दिलेला इशारा आपण जाणतोच.

2. फुकटाची किंमत. 2021 मध्ये अव्हास्ट कंपनीने ‘क्रॅकोनोश’ हा व्हायरस उजेडात आणला. चोरीच्या खेळांतून तो दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला, अँटीव्हायरस काढून टाकत होता आणि मालकाच्या नकळत आभासी चलन कमावत होता. काही व्हायरस पासवर्डही पळवतात.

3. सरळ वाट. इच.आयओवर अनेक खेळ निर्माते स्वतःच मोफत देतात. एपिकच्या दुकानात ठराविक खेळ फुकट मिळतात. स्टीमवर सवलतीचे दिवस असतात. तिथे दोन तासांपेक्षा कमी खेळून 14 दिवसांत परत केल्यास पैसे मिळतात. ‘सुपरटक्सकार्ट’ तर सर्वांसाठी कायम मोफत आहे.

मग त्याने हळूच विचारले, “ताई, ऑफिसातलं टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलंय का?”

घेतले नव्हते. मान खाली घालून मी ते काढले आणि मोफत लिबरऑफिस बसवले. नंतर आम्ही दोघांनी मिळून सगळे पासवर्ड बदलले.

मननासाठी: आपल्या घरातील मोबाइल-संगणकावर कुणाची न दिलेली मजुरी आहे? मुलांना विचारण्याआधी आपण स्वतःला विचारू या.