काळी गाडी हाताने चमकवताना : नव्या कारागिरासाठी पहिला धडा

गाडी धुणे हे एक काम आणि गाडीचा रंग निगुतीने साफ करून, ओरखडे कमी करून, त्यावर संरक्षक थर देणे हे दुसरे. या दुसऱ्या कामाला शहरांत आता 'डिटेलिंग' म्हणतात आणि त्याची वेगळी दुकाने निघाली आहेत. त्यांच्यातील यंत्रे, दिवे आणि काचेची केबिन पाहून आपला होतकरू तरुण बिचकतो व हे मोठ्या भांडवलाचे काम आहे असे समजून मागे फिरतो. वास्तविक या धंद्याचा पाया हाताने घालता येतो. ज्याला हाताचे काम समजले नाही, त्याच्या हाती यंत्र दिले तर तो नुकसानच अधिक करतो. म्हणून या लेखात आम्ही फक्त हातकामाचा विचार करणार आहोत आणि त्यासाठी सर्वांत अवघड गाडी घेणार आहोत, ती म्हणजे काळी.

काळ्या रंगावर सगळे का दिसते?

पांढरा रंग त्याच्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परत फेकतो. बारीक ओरखड्याची चकाकी त्या उजेडात हरवून जाते. काळा रंग प्रकाश गिळतो. त्यामुळे ओरखड्याच्या कडेवरून उसळलेला प्रकाश अंधारातल्या ठिणगीसारखा एकटा उठून दिसतो. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती हीच. हे ओरखडे प्रत्यक्षात गोल असतातच असे नाही. निरनिराळ्या दिशांच्या हजारो रेघांपैकी प्रकाशाला आडव्या आलेल्या तेवढ्याच चमकतात आणि गोल जाळे असल्याचा भास होतो.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच ओरखडे असतात, पण ते पाहणाऱ्याला माफ करतात. काळी गाडी माफ करत नाही. हे ओरखडे बहुतांश गाडी चालवताना पडत नाहीत, ते पुसताना पडतात. रोज सकाळी एक बादली पाणी आणि एक फडके घेऊन पाच-सहा गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची रेती त्याच फडक्यातून दुसऱ्या गाडीवर घासली जाते. सुक्या धुळीवर फिरवलेला पिसांचा झाडूही तेच करतो. म्हणून नव्या कारागिराने सर्वांत आधी ओरखडा न पाडता धुणे आणि पुसणे शिकावे, चमक आणणे त्यानंतर.

हातातले भांडवल किती, ते ओळखा

आजच्या गाडीवर पत्र्यापासून वर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, म्हणजे आपले पेंटर ज्याला लॅकर म्हणतात तो, असे थर असतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हा लॅकर साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करावी. ओरखडा घालवणे म्हणजे तो भरणे नव्हे, तर त्याच्या आजूबाजूचा लॅकर घासून खाली आणणे. म्हणजे प्रत्येक रबिंग-पॉलिशमध्ये या केसाहून पातळ थराचा काही भाग कायमचा जातो. तो फार पातळ झाला की उन्हाने बॉनेट आणि छत पांढुरके पडते, पापुद्रे निघू लागतात. मग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज नसतो आणि तो खर्च गिऱ्हाईक तुमच्याकडे मागतो.

म्हणूनच या कामात घासणे शेवटी, आणि घासायचे ते कमीत कमी, हा नियम ठेवावा.

साहित्य

सुरुवातीला पुढील वस्तू पुरेत : एकसारख्या दोन मोठ्या बादल्या, त्यांच्या तळाशी ठेवायच्या प्लास्टिकच्या जाळ्या, मायक्रोफायबरचे दोन हातमोजे, पुसण्यासाठी एक मोठा जाड टॉवेल, आठ-दहा लहान मायक्रोफायबरची फडकी, गाडीचा शाम्पू, क्ले, बारीक पॉलिश, मेण, फोमच्या तीन-चार गोल गाद्या, मास्किंग टेप आणि एक चांगली बॅटरी. फडक्यांची शिवलेली लेबले कापून टाकावीत. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावू नये. चाकांचे फडके आणि बॉनेटचे फडके रंगानेच वेगळे ठेवावे, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. ही फडकी घरच्या सुती कपड्यांबरोबर धुवू नयेत, कारण त्यांचे तंतू अडकतात.

कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण गाडीला वापरू नये. त्याने आधीचे मेण निघून जाते. चाकांसाठी काही ठिकाणी तीव्र अॅसिड वापरतात, त्याच्या वाटेला जाऊच नये. ते चाकाचे अस्तर खाते आणि तुमची कातडीही.

धुलाई

गाडी सावलीत घ्यावी आणि बॉनेटवर हात ठेवून पाहावा. गरम असेल तर थांबावे. काळा पत्रा उन्हात फार तापतो आणि त्यावर शाम्पू क्षणात वाळून डाग धरतो.

प्रथम चाके धुवावीत. त्यांची काळी भुकटी नंतर स्वच्छ रंगावर उडू नये म्हणून हा क्रम. मग सर्व गाडीवर पाणी मारून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. नळाला जोर नसेल किंवा पाण्याची टंचाई असेल तर शेतीसाठी मिळतो तसा हाताचा फवारणी पंप उपयोगी पडतो. मात्र तो नवाच घ्यावा, औषध फवारलेला जुना नको.

एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. हातमोजा शाम्पूत बुडवावा, छतापासून सुरू करून एक भाग धुवावा, मग साध्या पाण्याच्या बादलीत तळाच्या जाळीवर घासून रेती सोडवावी आणि तेव्हाच पुन्हा शाम्पूत घालावा. हात गोल फिरवू नये. पुढून मागे सरळ रेषेत, भार न देता न्यावा. दाराचा खालचा पट्टा आणि बंपर सर्वांत शेवटी, दुसऱ्या हातमोजाने. पक्ष्याची विष्ठा असेल तर खरवडू नये. ओले फडके काही मिनिटे त्यावर ठेवावे आणि मग अलगद उचलावे.

आता पाण्याचा प्रश्न. आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचे पाणी जड असते. ते सुकले की त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात आणि काळ्या रंगावर ते फर्लांगभरावरून दिसतात. म्हणून पाणी आपोआप सुकू देऊ नये. मोठा टॉवेल पत्र्यावर पसरावा, हलके दाबावा आणि उचलावा किंवा हळू ओढावा. ताजे ठिपके पडलेच तर पांढरे व्हिनेगर निम्मे पाणी घालून फडक्याने लावावे आणि लगेच धुवून टाकावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी फुकट मिळते म्हणून गाडीला वापरू नये. त्यात क्षार अधिकच असतात.

क्ले कधी लावावी?

धुऊन वाळलेल्या पत्र्यावर, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटे फिरवावीत. खरखर लागली तर रंगात डांबर, लोखंडाची भुकटी, कारखान्याची राख असे काही रुतले आहे. खरखर नसेल तर क्लेची गरज नाही. असेल तर पत्रा शाम्पूच्या पाण्याने भरपूर ओला ठेवून क्लेचा चपटा तुकडा भार न देता सरळ पुढेमागे फिरवावा. मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणावी. खाली पडलेली क्ले कितीही महाग असली तरी फेकून द्यावी. काळ्या रंगावर क्लेचे बारीक व्रण राहू शकतात, त्यामुळे क्ले केली तर पुढे पॉलिश करावेच लागते, हे धरून चालावे.

पॉलिश : इथे सबुरी हवी

कंपाउंड, पॉलिश आणि मेण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपाउंड जास्त कापते, पॉलिश कमी कापते, मेण कापत नाही, ते राखते. नवशिक्याने कंपाउंडला हात लावू नये.

आधी परीक्षा घ्यावी. ओरखड्यावरून आडवे नख फिरवा. नख अडले तर तो ओरखडा हाताने जाणार नाही, त्याच्या मागे लागू नये. मग दाराच्या खालच्या बाजूस वीतभर जागा निवडून तिथे पॉलिश करून पाहावे. समाधान झाले तरच तीच पद्धत बाकी गाडीवर. या वेळी फडके काळे होऊ लागले तर वरचा लॅकर नाही किंवा तो संपला आहे, असे समजावे. पूर्वीच्या अॅम्बेसेडर किंवा पद्मिनीसारख्या गाड्यांवर बहुधा एकेरी रंग असे, तिथे हे होणारच. आजच्या गाडीवर झाले तर लगेच थांबावे.

दीड फूट लांब, दीड फूट रुंद एवढाच भाग घ्यावा. फोमच्या गादीवर पॉलिशचे वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरेत. बोटांच्या टोकांनी दाबू नये, पूर्ण पंजाचा भार गादीवर सारखा पडू द्यावा, नाहीतर बोटांच्या रेघा उमटतात. सरळ, एकमेकांवर अर्ध्या चढणाऱ्या फेऱ्या माराव्यात, मग स्वच्छ फडक्याने पुसावे. दारांच्या कडा, बॉनेटच्या घड्या आणि कोपरे यांवर लॅकर सर्वांत पातळ असतो. तिथे आधी मास्किंग टेप लावावी. काळे रबर आणि खरबरीत प्लास्टिक यांवरही टेप हवी, कारण वाळलेले पॉलिश तिथे पांढरे डाग सोडते.

काम तपासताना ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नये. तिच्या पसरट उजेडात ओरखडे दिसत नाहीत. दुकानात आरशासारखी दिसणारी गाडी बाहेर उन्हात गेली की जाळे पुन्हा हजर होते. बॅटरी निरनिराळ्या कोनांतून धरून पाहावे आणि शक्य तर गाडी उन्हात नेऊन पाहावी. आणखी एक तपासणी करावी : आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एका भागाला सात-आठ भाग पाणी घालून ते फडक्याने पॉलिश केलेल्या भागावर फिरवावे. पॉलिशमधले तेल निघून जाते आणि खरी स्थिती कळते. नुकत्याच रंगवलेल्या पत्र्यावर मात्र हे करू नये. अशा पत्र्यावर पॉलिश व मेण कधी लावायचे ते रंगवणाऱ्या पेंटरलाच विचारावे.

हाताने सगळे जाळे जात नाही. हलके ओरखडे जातात, मधले फिके होतात, खोल राहतात. हे आधीच माहीत असले म्हणजे जास्त घासण्याचा मोह होत नाही.

मेण

कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांवरून मिळते. काळ्या रंगावर ते खोल झाक देते, पण आपल्या उन्हात फार दिवस टिकत नाही. कृत्रिम सीलंट अधिक टिकते. दोन्ही शक्य तितके पातळ लावावे. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसण्याची मेहनत तेवढी वाढते. थोडे वाळल्यावर बोट ओढून पाहावे. रेघ स्वच्छ निघाली की नव्या फडक्याने पुसावे.

रॉकेल किंवा डिझेल लावून चमक आणणारे आजही भेटतात. ती चमक तेलाची असते. त्यावर धूळ बसते, ती धूळ पुसताना नवे ओरखडे पडतात.

गिऱ्हाईकाशी बोली

या धंद्यात फसवणूक सोपी आहे. तेलकट पदार्थ ओरखड्यांत भरून गाडी चमकवता येते. दोन-चार धुण्यांत सगळे उघडे पडते. ओरखडे तसेच ठेवून त्यांवर महागडे कोटिंग मारले तर ते कोटिंगखाली बंद होतात, जात नाहीत. म्हणून मालाचा ऐब जसा सांगून विकावा, तसा गाडीचाही सांगून काम घ्यावे. गाडी धुऊन झाली की गिऱ्हाईकाला शेजारी उभे करून बॅटरीच्या उजेडात दाखवावे : हे जाईल, हे फिके होईल, हे राहील. जुने पोचे, खोल ओरखडे आणि पूर्वी रंगवलेले पत्रे वहीत लिहून त्याची सही घ्यावी, फोटोही काढावेत. यामुळे नंतरची भांडणे टळतात.

दराचा हिशेबही आधी करावा. नवशिक्याला लहान गाडीच्या पूर्ण कामास एक अख्खा दिवस लागतो. समजा तुमची दिवसाची मजुरी ८०० रुपये हवी, साहित्य ३०० रुपयांचे लागले आणि जागेचे भाडे दिवसाला १०० रुपये पडले, तर १२०० रुपयांखाली घेतलेले काम तोट्याचे आहे. शेजारचा स्वस्तात करतो म्हणून दर उतरवला की घाई होते आणि काळ्या गाडीवर घाई लगेच दिसते.

शेवटी एक सूचना. पहिला प्रयोग कोणाच्याही गाडीवर करू नये. भंगारवाल्याकडून एक काळा बॉनेट विकत आणावा. त्याच्या मध्यावर टेपची पट्टी लावून एका बाजूस या धड्याप्रमाणे काम करावे आणि दुसरी बाजू तशीच ठेवावी. मग टेप काढून बॉनेट उन्हात ठेवावा. आठ-दहा वेळा हे केल्यावर हात किती भार देतो आणि पॉलिश किती लागते याचा अंदाज येतो. जवळ एखादा अनुभवी उस्ताद असेल तर त्याला तो बॉनेट दाखवावा आणि तो ठीक म्हणेल तेव्हाच पहिल्या गिऱ्हाईकाची चावी हातात घ्यावी.