रेडिएशन सेफ्टी : एक वेगळं करिअर

करिअर म्हटलं की होस्टेलवरच्या गप्पा सॉफ्टवेअर आणि स्पर्धा परीक्षांपलीकडे जात नाहीत. पण आपल्या खोपोली-खालापूर पट्ट्यात पोलादाचे, पाइपचे कारखाने आहेत आणि वेल्डिंग आलं की त्याची तपासणी आलीच. वेल्डच्या आतली भेग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एका बाजूला इरिडियम-१९२ चा सोर्स, दुसऱ्या बाजूला फिल्म ठेवून वेल्डचा फोटो काढतात. हीच इंडस्ट्रियल रेडिओग्राफी.

सोर्स असतो इवलासा, एरवी जड कॅमेऱ्यात बंद. हँडल फिरवलं की केबलला जोडलेला सोर्स नळीतून बाहेर जातो, उलटं फिरवलं की परत येतो. म्हणजे, तो परत आला असं आपण धरून चालतो! सेफ्टीवाल्याचं काम इथेच सुरू होतं.

जरा हिशोब करू. २० क्युरीचा सोर्स उघडा असेल तर एक मीटरवर तासाला साधारण १०० मिलिसिव्हर्ट डोस मिळतो. कामगाराची वर्षाची सरासरी मर्यादा २०. म्हणजे वर्षाचा कोटा १२ मिनिटांत संपला. दहा मीटर लांब गेलात तर डोस शंभर पटीने कमी. बारावीतला व्यस्त वर्गाचा नियम इथे जीव वाचवतो.

भिवपुरी आणि खोपोलीच्या वीजकेंद्रांकडे डोंगरावरून उतरणारे पाइप आपण पाहतोच. फेब्रुवारी १९९९ मध्ये पेरू देशातल्या यानांगो जलविद्युत केंद्रात अशाच एका पाइपचं काम चालू होतं. सोर्स कॅमेऱ्याबाहेर पडला. एका वेल्डरने तो उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि तसाच घरी गेला. फिल्म कोरी निघाली तेव्हा शोधाशोध झाली. सोर्स सापडला, पण वेल्डरचा पाय कापावा लागला. छातीवरचा टीएलडी बॅज इथे कामाचा नाही, तो तीन महिन्यांनी वाचला जातो. सर्व्हे मीटर मात्र त्याच क्षणी बोलतो.

या क्षेत्रात यायचं तर आधी भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओग्राफरचा कोर्स, आरटी-१, मग आरटी-२. पुढे रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसर व्हायला अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते. त्यांचं ऑफिस अणुशक्तीनगरला, म्हणजे कर्जत लोकलने कुर्ला आणि पुढे हार्बर.

काम बरंचसं रात्रीचं, शॉप रिकामं झाल्यावर. सुपरवायझर म्हणणार, "दोरी जरा आत घ्या, माझं काम अडलंय." तेव्हा नाही म्हणता आलं पाहिजे, आणि माझ्या मते गणितापेक्षा हेच अवघड आहे. मुलाखतीला गेलात तर सर्व्हे मीटरचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, हे तुम्हीच विचारा.