सेल्फ मारताना मीटर धरा

जालन्याच्या मस्तगडात काय, नाहीतर मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात काय, वरातीचे दिवे आणि मंडपातले पंखे बऱ्याचदा टेम्पोवर बसवलेल्या जनरेटरच्या भरवशावर चालतात. कॅराव्हॅनसारख्या मुक्कामी गाड्यांतल्या जनरेटरचीही अडचण हीच: यंत्र सकाळी पहिल्या सेल्फला उठतं, दुपारी नुसता ‘कट’ असा आवाज करून गप्प बसतं आणि तासाभराने पुन्हा सुरळीत चालतं. अशा वेळी आपल्याकडे आधी बॅटरी बदलतात, मग सेल्फ, मग कंट्रोल कार्ड. हा क्रमच मला चुकीचा वाटतो. येणारा-जाणारा दोष बहुतेक वेळा जोडांमध्ये दडलेला असतो, आणि जोड तपासायचा तर त्यातून करंट वाहत असतानाच.

थोडा हिशेब करून बघा. जळालेली वाइंडिंग तासाभराने आपोआप बरी होत नाही. वायरीच्या टोकाची सैल थिंबल, टर्मिनलवरचा पांढरा क्षार, रंगाच्या थरावरच आवळलेला अर्थिंगचा बोल्ट मात्र हादऱ्याने आणि उष्णतेने कधी टेकतो, कधी सुटतो. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर करंट सहज लागतो. वाटेत 0.01 ओहम इतका क्षुल्लक विरोध असला, तरी 150 अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट खाल्ले जातात. यंत्र बंद असताना करंटच नसतो, म्हणून तोच खराब जोड मीटरवर 12.6 व्होल्ट दाखवतो आणि मेस्त्री म्हणतो, ‘सप्लाय बरोबर आहे.’ म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर धरा (थिंबलवर नको, शिशाच्या खुंटावरच), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा साधारण 0.2 व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंगमध्ये खोट आहे. पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या बोल्टापर्यंत अर्ध्या व्होल्टपर्यंत चालून जातं. बॅटरीच्या दोन खुंटांमध्येच सेल्फ मारताना 9.6 व्होल्टपेक्षा कमी आले, तर मात्र संशय बॅटरीवर घ्या. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये त्याला थंड होऊ द्या. टेम्पोवरच्या जनरेटरला अर्थिंगची बाधा जास्त होते, कारण इंजिन रबरावर बसवलेलं असतं आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर अनेकदा चासीला आवळलेली असते. चासी आणि इंजिन यांना जोडणारी एक पट्टी तुटत आली की सगळा खेळ बिघडतो.

यावर नेहमीचं उत्तर असतं, ‘नवी बॅटरी टाकली आणि चालू झाला की!’ हा पुरावा फसवा आहे. बॅटरी बदलताना टर्मिनल घासली जातात, नट घट्ट होतो, वायर हलते. दुरुस्ती त्या घासण्याने झालेली असते आणि श्रेय बॅटरीला जातं. तीन आठवड्यांनी तोच आवाज पुन्हा येतो आणि आता बॅटरी नवी म्हणून दोष सेल्फवर ढकलला जातो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गरम झाल्यावरच अडतो, म्हणजे कार्ड गेलं. कार्डावरचा झाळ तडकतो, हे खरं. पण तांब्याचा विरोध दर दहा अंशांना सुमारे चार टक्के वाढतो. जालन्याच्या उन्हाळ्यात बंद पेटीतली सॉलेनॉइडची (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचची) कॉइल सकाळपेक्षा चाळीस अंशांनी तापली, तर तिचा विरोध सोळा टक्क्यांनी वाढतो. आधीच व्होल्ट गळत असतील तर ती प्लंजर ओढू शकत नाही. सेल्फचं बटण दाबलेलं असताना सॉलेनॉइडच्या बारीक वायरवर पुरेसे व्होल्ट पोचतात का, हे पाहिल्याशिवाय कार्डाचे पैसे देऊ नयेत.

सेल्फ जोमाने फिरतोय आणि इंजिन पकडत नाही, तर प्रश्न इंधनाकडचा आहे. डिझेलच्या लाइनने हवा घेतली का, पेट्रोलच्या कार्ब्युरेटरचा जेट महिनोन्महिने साचलेल्या इंधनाने चिकटला का, ते बघावं. गाडी उतारावर उभी असेल तर आधी ती सपाटीवर आणा. कित्येक जनरेटरमध्ये ऑइल कमी झाल्याचा फ्लोट असतो आणि यंत्र कललं की तो इंजिन चालूच होऊ देत नाही. मुख्य टाकीतूनच इंधन घेणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये जनरेटरची नळी मुद्दाम टाकीच्या तळापासून वर ठेवतात, म्हणजे वाहनापुरतं इंधन उरावं. टाकी पावाच्या आसपास आली की जनरेटर रुसतो आणि बिघाड शोधत लोक इंजिन खोलतात.

कार्य तोंडावर असताना मोजत बसायला वेळ कुठला, असं विचारतात. पंधरा मिनिटं लागतात. सुटा भाग बाजारातून येईपर्यंत त्याहून जास्त वेळ जातो. ही तपासणी मोकळ्या हवेत करा, मंडपाच्या कनातीआड किंवा गाडीच्या खिडकीखाली नको, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गणपतीच्या हंगामाआधी एकदा सेल्फ मारतानाचे हे तिन्ही आकडे (अर्थिंग, पॉझिटिव्ह वायर, बॅटरी) घ्या आणि तारखेसह बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मेस्त्रीला ताडून पाहता येईल.