फोनोचा घसा बसला तर

पूर्वी लग्नात, जत्रेत फोनो लागायचा. कोणी त्याला ग्रामोफोन म्हणत. त्याला वीज लागत नसे. चावी फिरवायची. आतली स्प्रिंग आवळली जायची. मग तबकडी गरगर फिरायची, मिनिटाला 78 फेरे. माणसं भोवती कोंडाळं करून बसायची.

असा फोनो अजून काही घरांत माळ्यावर पडलेला असतो. चावी फिरते, तबकडी फिरते, पण आवाज नीट येत नाही. गाणारा नाकात बोलतो. मोठा सूर आला की खरखर होते. लोक म्हणतात, फोनो मेला. मग तो भंगारात जातो. पण बहुतेक वेळा फोनो मेलेला नसतो. त्याचा घसाच बसलेला असतो.

हा घसा म्हणजे साउंडबॉक्स. पिन जिथं बसवतात तो गोल डबा. मोठ्या पेढ्याएवढा. सगळा आवाज तिथं जन्मतो. कर्णा तो फक्त मोठा करतो.

आता आवाज जन्मतो कसा ते बघू. तबकडीवर बारीक चरी असते. ती सरळ नसते. नागमोडी असते. गाणाऱ्याच्या आवाजानं ती तशी कोरली गेलेली असते. पिन त्या चरीतून चालते आणि डावी-उजवी हलते. पिनेला जोडलेली एक दांडी असते. दांडीचं वरचं टोक एका पातळ चकतीच्या मधोमध जोडलेलं असतं. पिन हलली की दांडी हलते, दांडी हलली की चकती आतबाहेर होते. चकती हवेला ढकलते. ती हवा कर्ण्यातून आपल्या कानावर येते. झालं गाणं.

ही चकती जुन्या डब्यांत अभ्रकाची असते. अभ्रक म्हणजे जमिनीत सापडणारा, काचेसारखा पारदर्शक, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड. तो झारखंडात कोडर्म्याच्या खाणींत निघत असे आणि तिथून जगभर जाई. तबकडीतही आपल्याच देशाचा माल होता. ती लाखेची असे. बायकांच्या हातातल्या लाखेच्या बांगड्या ठाऊक आहेत ना? तीच लाख. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळत. दगडाची भुकटी असल्यामुळे पोलादाची पिन घासून जाते. म्हणून एका बाजूला एक पिन. दुसरी बाजू लावताना नवी पिन. यात काटकसर करू नका. झिजलेली पिन चरी कापते, आणि कापलेली चरी पुन्हा भरून येत नाही.

काळजी एवढ्यासाठीच. 1902 साली नोव्हेंबर महिन्यात गैसबर्ग नावाचा साहेब कलकत्त्याला यंत्रं घेऊन आला. त्यानं गौहर जान या गायिकेचा आवाज तबकडीवर घेतला. गाणं संपलं की ती शेवटी स्वतःचं नाव सांगे. पुढे आपल्याकडचे गवई, नाटकातले नट, शाहीर यांच्या तबकड्या निघाल्या. मिरजेचे अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले. बालगंधर्व 1967 साली गेले. त्यांचा आवाज तबकड्यांत राहिला. अशा लाखेच्या तबकड्या आपल्या देशात 1970 च्या सुमारास निघायच्या बंद झाल्या. एखादी तबकडी अशी असते की तिच्या मोजक्याच प्रती उरलेल्या असतात. कोण जाणे, त्यातली एक तुमच्या माळ्यावर असेल. आणि ताठर झालेला साउंडबॉक्स तिला नांगरून काढतो. त्याचं वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं. ते सगळं पिनेच्या टोकावर येतं.

मग हा डबा ताठर होतो कशानं? रबरानं. अभ्रकाची चकती हलगीच्या कातड्यासारखी ताणून बसवलेली नसते. ती दोन मऊ रबरी नळ्यांच्या कड्यांमध्ये अलगद धरलेली असते. एक कडं खाली, एक वर. पन्नास-साठ वर्षांत ते रबर दगडासारखं होतं. मग चकती हलत नाही, आणि कडेनं हवा निसटते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. 1972 च्या दुष्काळात तिथली माणसं पोटासाठी बाहेर पडली होती. पुढे 1990 च्या आसपास पोपटराव पवार सरपंच असताना गावानं चर खोदले, बांध घातले, पाणी अडवलं. गावात पाणी आलं, माणसंही परत आली. तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. बांधाला घुशीचं एक बीळ पडलं, तर सगळ्या बांधाचा काय उपयोग? साउंडबॉक्सचं तसंच आहे. कडेला केसाएवढी फट राहिली की भारी आवाज आधी तिथून पळतो. उरतो तो चिरका.

आता दुरुस्ती. आधी डबा हातातून सोडवा. (फोनोच्या वाकड्या नळीला ‘हात’ म्हणतात.) पांढऱ्या कापडावर ठेवा, म्हणजे बारीक स्क्रू हरवणार नाहीत. मोबाईल असेल तर उघडण्याआधी फोटो काढून ठेवा.

चकतीच्या मधोमध एक बारीक स्क्रू असतो. त्यावर मेणाचा ठिपका असतो. गरम सुईनं मेण सैल करा. मग स्क्रू काढा. इथं घाई केली की अभ्रक भोकापाशी तडकतं. तडकलं की संपलं. ते चिकटवून भागत नाही, नवी चकतीच लागते. चकतीवर पांढरे डाग दिसले तर पापुद्रे सुटलेत असं समजा. तीही बदलावी लागते.

मग डब्याचे स्क्रू काढून चकती उचला. जुनं रबर लाकडी काडीनं खरवडा. चाकूनं नको. नवं रबर कुठून आणायचं? सायकलच्या दुकानातून! व्हॉल्व्हला घालायची बारीक नळी मिळते ना, ती या कामाला चालते. ताजी, मऊ बघून घ्या. खाचेच्या मापानं कापा. दोन्ही टोकं एकमेकांना नेमकी भिडली पाहिजेत. फट नको, आणि टोकावर टोकही चढायला नको. चकती मधोमध ठेवा. तिची कड धातूला लागता कामा नये.

सगळ्यात नाजूक काम दांडीचं. दांडीचं टोक चकतीला नुसतं टेकलं पाहिजे. तिनं चकतीला आत रेटू नये, बाहेर ओढूही नये. बाजूचे स्क्रू थोडे थोडे फिरवून ते जमवावं लागतं. यात एक तासही जाईल. मग मधला स्क्रू बसवा आणि त्यावर मधाच्या पोळ्याच्या मेणाचा एक थेंब सोडा. पिन लावा आणि नखानं हळूच टिचकी मारा. टप् असा मोकळा आवाज आला पाहिजे. खुळखुळ आली तर दांडी सैल आहे.

डब्याच्या मागं, हाताला जोडतात तिथंही रबर असतं. तेही पाहा. लोक ते विसरतात आणि मग उगाच चकतीला दोष देतात.

काही डब्यांत चकती ॲल्युमिनियमची असते, वळ्यावळ्यांची. एच.एम.व्ही. कंपनीचे पाच नंबरचे डबे असे आहेत. त्यांची दांडी बारीक छर्‍यांवर फिरते. काहींचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. ते जुनं झालं की फुगतं, तडकतं. माझं मत विचाराल तर हा डबा घरी उघडू नये. जाणत्याकडे न्यावा. मुंबईत 1990 पासून जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची एक संस्था आहे. अशा लोकांना कारागीर माहीत असतात.

आणखी एक. समजा, कोणी दारात आलं.

“आजी, हा मोडका बाजा किती किलोला देता?”

“किलोला नाही रे बाबा. आधी माझा नातू रबर घालून बघणार आहे.”

आजीचं बरोबर आहे. बाजारात नवा पितळी कर्णा लावून जुना म्हणून विकलेले फोनो पुष्कळ असतात. दिसायला झकास, आवाजाला रडके. तुमचा धुळीनं भरलेला डबा त्यांच्यापेक्षा खरा असतो.

दुरुस्ती झाली की पहिल्यांदा चांगली तबकडी लावू नका. एखादी ओरखडे पडलेली, कोणाला नको असलेली लावा. वाजून झाल्यावर पिनेखाली चरीत काळी भुकटी साचली का ते बघा. पुष्कळ साचली असेल तर दांडी अजून ताठर आहे. डबा परत उघडा, स्क्रू किंचित सैल करा आणि पुन्हा लावून पाहा.