जुन्या व्हॅनची बॅटरी वारंवार का उतरते?

गावातील व्हॅन ही एका घराची असली तरी तिच्यावर अनेकांचा भरवसा असतो. सकाळी भाजी व दूध बाजारात न्यावयाचे, दुपारी खताची पोती आणावयाची आणि रात्री-अपरात्री कोणी अडलेली बाई किंवा साप चावलेला मनुष्य असेल तर त्याला इस्पितळात पोहोचवावयाचे. १९८४ साली बाजारात आलेल्या आणि पुढे ‘ओम्नी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मारुतीच्या व्हॅनचे उत्पादन २०१९ साली थांबले. तरी आपल्या खेड्यापाड्यांतून त्या गाड्या अजून धावत आहेत. मात्र ऐन वेळी चावी फिरवावी आणि ‘टक्’ एवढाच आवाज यावा, हा अनुभव पुष्कळांना येतो.

अशा वेळी मालक धावपळ करून नवी बॅटरी आणतो. महिन्याभरात तीही उतरते. मग बॅटरीच्या कंपनीला दोष दिला जातो. खरा प्रश्न निराळाच असतो. घरावरची पाण्याची टाकी सकाळी रिकामी दिसली तर कारणे तीनच असू शकतात : नळाला पाणी आले नाही, रात्री कोठे तरी गळती झाली, किंवा टाकीच फुटली. बॅटरीचेही तसेच आहे. तीन कारणांपैकी कोणते, हे ठरविल्याशिवाय खिशात हात घालू नये. ते ठरविण्यासाठी काही शे रुपयांचा मल्टिमीटर आणि थोडा धीर पुरतो.

आधी सावधगिरी

बॅटरीत गंधकाम्ल असते आणि भरणा होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून जवळ विडी, काडी, मेणबत्ती नको. बोटातील अंगठी व मनगटातील कडे काढून ठेवावे. वायर सोडवताना निगेटिव्ह आधी काढावी व जोडताना ती शेवटी लावावी. म्हणजे पाना गाडीच्या पत्र्याला लागला तरी जाळ होत नाही. आम्ल डोळ्यात उडाले तर पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे आणि लगेच डॉक्टर गाठावा. डोळ्यात सोडा किंवा इतर कोणतेही घरगुती औषध घालू नये.

पहिली तपासणी : बॅटरी स्वतः धड आहे काय?

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर मीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे अर्धी, १२.० किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग दुसऱ्याला सेल्फ मारावयास सांगून काटा पाहावा. भरलेल्या बॅटरीचा आकडा त्या वेळी ९.६ च्या बराच खाली गेला तर ती अशक्त आहे. उलट खुंट्यांवर १२ च्या वर आकडा टिकतो, पण सेल्फ फिरत नाही व दिवे मंदावतात, तर दोष बहुधा टर्मिनलचा असतो. पावसाळ्यात त्यावर पांढरा-हिरवा थर चढतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो धुवावा (ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये), कोरडे करून घट्ट आवळावे व वरून व्हॅसलीन लावावे.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही घरे तपासावीत. भरलेल्या घरात आकडा १.२५० च्या आसपास असतो. पाच घरे सारखी आणि एकच घर ०.०५० पेक्षा अधिक मागे असेल तर बॅटरी संपली असे समजावे. पाणी कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी घालू नये आणि ‘ताकद यावी’ म्हणून आम्ल तर मुळीच घालू नये.

दुसरी तपासणी : भरणा होतो काय?

चावी ‘ऑन’ केली की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच तो विझला पाहिजे. तो मुळी लागतच नसेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. पुष्कळ गाड्यांत याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीची चेतना मिळते. बल्ब उडाला की अल्टरनेटर कामाला लागतच नाही. काही रुपयांच्या बल्बसाठी हजारोंचा अल्टरनेटर बदलला जाण्याची वेळ येते, ती अशी.

आता इंजिन थोडे वाढवून बॅटरीवर मीटर लावावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत आणि हेडलाइट लावल्यावरही आकडा १३.५ च्या खाली जाऊ नये. १३ च्या खाली असेल तर भरणा नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरीतील पाणी आटते व बल्ब वारंवार उडतात.

भरणा नसल्यास सर्वांत आधी पट्टा पाहावा, तोही इंजिन बंद करून. अंगठ्याने मध्यभागी दाबला असता तो साधारण एक सेंटिमीटर दबावा. ढिला किंवा तेलकट पट्टा पावसात ओरडतो आणि घसरतो. त्यानंतर इंजिन चालू करून, दिवे लावून, मीटरची एक तार अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या खुंटीवर व दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर धरावी. हात व कपडे पट्ट्यापासून दूर ठेवावेत. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक म्हणजे वाटेत वायर किंवा सांधा खराब. तसेच इंजिनच्या धातूपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत पाहावे, तेथे ०.२ व्होल्टपेक्षा अधिक फरक नसावा. हे सर्व ठीक असेल तरच अल्टरनेटर खोलावा. बहुतेक वेळा कार्बन ब्रश झिजलेले निघतात आणि ते वेगळे बदलता येतात.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. ‘चालू इंजिनवर टर्मिनल काढून बघा, गाडी बंद पडली नाही तर भरणा ठीक’ ही रीत डायनॅमोच्या काळातली आहे. अल्टरनेटरच्या गाडीत असे केल्याने व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड जळतात. मेस्त्री कितीही जुना असला तरी हे करू देऊ नये.

तिसरी तपासणी : रात्रीची गळती

बॅटरी धड, भरणाही ठीक, तरी सकाळी गाडी उठत नाही, अशा वेळी गळती शोधावी. चावी काढावी, दारे लावावीत किंवा दाराचे बटण दाबून बांधावे. निगेटिव्ह वायर सोडवून ती व खुंटी यांच्यामध्ये आधी २१ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब जोडावा. तो उजेड देऊ लागला तर गळती मोठी. न पेटल्यास बल्बच्या जागी १० अँपिअरच्या जागेवर लावलेला मीटर जोडावा. मीटर असा असताना सेल्फ मारू नये, आणि काम झाल्यावर त्याची लाल तार पुन्हा व्होल्टच्या जागी लावावी.

०.०५ अँपिअरपर्यंत गळती चालण्यासारखी आहे. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीवर अर्धी व्हायला दोन आठवडे लागतात. पण छताचा ५ वॅटचा दिवा राहिला तर तीच बॅटरी दोन दिवसांच्या आत अर्धी होते. आकडा अधिक असेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने आकडा पडतो त्याच वाटेवर चोर आहे. मागाहून बसविलेला टेप, मोठा हॉर्न, मोबाइलचा चार्जर यांच्यावर आधी संशय घ्यावा. सगळे फ्यूज काढूनही गळती राहिली तर अल्टरनेटरकडे वळावे : त्याची जाड वायर फ्यूजपेटीतून जात नाही आणि खराब डायोडमधून बॅटरी रात्रभर उलटी वाहते. ती वायर सोडविण्यापूर्वी बॅटरी पूर्ण सोडवावी.

दोष नसतानाही

दिवसातून चार वेळा सेल्फ मारून दोन-दोन किलोमीटर जाणारी गाडी घेतलेले परत करीत नाही. आठवड्यातून एकदा तरी तिला तासभर रस्त्यावर चालवावी. खानापूरहून बेळगावच्या बाजाराची एक फेरी त्यासाठी पुरेशी आहे.

जुनी बॅटरी घरी फोडू नये; शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला अपाय करते. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती दुकानदारालाच द्यावी, किमतीतही सूट मिळते.

उजळणीसाठी प्रश्न

१. सकाळी १२.६ व इंजिन चालू असताना १२.३ व्होल्ट, दोष कोठे शोधाल?
२. चावी ‘ऑन’ केल्यावर लाल दिवा लागत नाही. प्रथम काय पाहाल?
३. रात्री १२.६, सकाळी ११.९, पण निगेटिव्ह सोडवून ठेवल्यास १२.६ टिकते. बॅटरी बदलाल काय?

(उत्तरे : १. पट्टा, सांधे, मग अल्टरनेटर. २. बल्ब. ३. नाही, गळती शोधावी.)