तारापूरचे इंधन आणि अमेरिकी काँग्रेसचा कायदा

१९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराची ओळख आपणांस आहेच. एखाद्या राष्ट्राने अण्वस्त्रप्रसारबंदीचे संकेत मोडले, किंवा मोडल्याचा आरोप त्याच्यावर झाला, तर पुढे काय घडते? याचे उत्तर आंतरराष्ट्रीय संस्थांच्या ठरावांत जितके सापडते, तितकेच इतर देशांच्या विधिमंडळांनी केलेल्या कायद्यांत सापडते. अशा कायद्यांत अमेरिकी काँग्रेसचे कायदे विशेष प्रभावी ठरले. त्यांपैकी १९७८ च्या कायद्याची मोठी कसोटी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, तारापूर येथे लागली.

पार्श्वभूमी

भारत आणि अमेरिका यांच्यात ऑगस्ट १९६३ मध्ये तीस वर्षांचा करार झाला. तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवावे आणि त्या केंद्रात भारताने तेच इंधन वापरावे, असे त्यात ठरले. तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील या केंद्राच्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या होत्या. त्यांच्यापासून १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. केंद्र आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखाली होते.

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे अणुस्फोट घडवला. त्यातील प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते तुर्भे येथील ‘सायरस’ अणुभट्टीतून आले होते. ही भट्टी कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली होती आणि तिच्यासाठी जड पाणी अमेरिकेने दिले होते. हे साहाय्य शांततामय उपयोगासाठी होते आणि आपला स्फोटही शांततामय आहे, अशी भारताची भूमिका होती. कॅनडा व अमेरिका यांना हा अर्थ मान्य नव्हता. येथे ‘उल्लंघन’ हा शब्द जपून वापरावा. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सहीच केलेली नसल्यामुळे त्या कराराचा भंग भारताने केला, असे कायद्याच्या भाषेत म्हणता येत नाही. वाद होता तो द्विपक्षीय आश्वासनांच्या अर्थाविषयी. उत्तरपत्रिकांत या दोन गोष्टींची गल्लत वारंवार आढळते.

१९७८ चा कायदा

१० मार्च १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसारबंदी अधिनियमावर स्वाक्षरी केली. १९६८ च्या करारानुसार १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेली राष्ट्रेच ‘अण्वस्त्रधारी’ ठरतात. त्यामुळे भारत ‘अण्वस्त्ररहित’ राष्ट्रांत मोडत होता. अशा राष्ट्राने आपली सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आणली नाहीत, तर ठरावीक मुदतीनंतर त्याला अमेरिकी अणुइंधन देऊ नये, असे या कायद्याने ठरवले. तारापूर तपासणीखाली असणे आता पुरेसे नव्हते.

या कायद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्याने भारताला कोणताही आदेश दिला नाही, तसा देताही आला नसता. त्याने हात बांधले ते अमेरिकेच्याच राष्ट्राध्यक्षांचे आणि अणुनियामक आयोगाचे. परदेशाच्या वर्तनाला उत्तर म्हणून झालेले बहुतेक कायदे असेच असतात. विधिमंडळ आपल्या कार्यकारी सत्तेवर बंधन घालते आणि त्याचा ताण दूरच्या देशातील केंद्राला सोसावा लागतो.

१९६३ च्या करारात ही अट नव्हती आणि एका पक्षाने नंतर केलेला देशांतर्गत कायदा दोघांमधील करार बदलू शकत नाही, असा भारताचा युक्तिवाद होता. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने तो भक्कम होता. मात्र अमेरिकेच्या न्यायपरंपरेत काँग्रेसचा नंतरचा कायदा आधीच्या आंतरराष्ट्रीय करारावर मात करतो. दोन्ही बाजू आपापल्या चौकटीत बरोबर होत्या, म्हणूनच हा वाद न्यायाने सुटण्यासारखा नव्हता.

१९८० चे मतदान

मे १९८० मध्ये अणुनियामक आयोगाने तारापूरसाठीच्या सुमारे ३८ टन इंधनाचा परवाना देण्यास एकमताने नकार दिला. कायद्यात राष्ट्राध्यक्षांसाठी एक वाट ठेवलेली होती. नकारामुळे राष्ट्रहिताला गंभीर बाधा येईल असे त्यांना वाटल्यास ते निर्यातीला संमती देऊ शकत. मात्र दोन्ही सभागृहांनी विरोध केल्यास ती संमती रद्द होई. जूनमध्ये कार्टर यांनी संमती दिली. त्यामागे अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्यानंतरची परिस्थिती होती. सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी निर्यातीला विरोध केला. सिनेटमध्ये विरोधाचा ठराव ४६ विरुद्ध ४८ असा फेटाळला गेला. तारापूरचे इंधन दोन मतांवर तरले.

पुढील खेपांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९८२ मध्ये इंदिरा गांधी यांच्या अमेरिका भेटीत तोडगा निघाला, तो असा की करार कायम राहावा आणि इंधन फ्रान्सने द्यावे. अमेरिकेचा कायदा बदलला नाही, करारही मोडला नाही. मुत्सद्देगिरीने दोहोंच्या मधून वाट काढली. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याच्या हक्काचा वाद मात्र मिटला नाही आणि ते इंधन तारापूरच्या साठवण टाक्यांत साचत राहिले.

पुढील टप्पे

१९८५ च्या प्रेसलर दुरुस्तीने पाकिस्तानला मदत देण्यासाठी, त्याच्याजवळ अणुस्फोटक साधन नाही असे राष्ट्राध्यक्षांचे वार्षिक प्रमाणपत्र आवश्यक केले. १९९० मध्ये ते दिले गेले नाही आणि मदत थांबली. मे १९९८ च्या चाचण्यांनंतर ग्लेन दुरुस्तीनुसार भारत व पाकिस्तान या दोघांवर निर्बंध आले. पण कठोर कायदा बनवणाऱ्यालाही तो जाचतो. पाकिस्तानला गहू विकणारे अमेरिकी शेतकरी अडचणीत येताच जुलै १९९८ मध्येच काँग्रेसने शेतमालाच्या निर्यातीसाठी सवलत देणारा कायदा केला. अखेर २००६ च्या हाइड कायद्याने, १९७८ ची सर्वव्यापी तपासणीची अट भारतापुरती शिथिल करण्याची मुभा राष्ट्राध्यक्षांना मिळाली.

याच काळात दिल्लीत वेगळे चित्र होते. आपल्याकडे परराष्ट्रांशी करार करणे हे कार्यकारी सत्तेचे काम असून त्याला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. त्यामुळे अणुकरारावरील मतभेद २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या रूपाने मतास आले. सरकारने तो २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला.

स्वाध्याय

१. ‘१९७८ च्या कायद्याने भारतावर नव्हे, तर अमेरिकेच्या कार्यकारी सत्तेवर बंधन घातले.’ तारापूरच्या आधारे चर्चा करा.
२. करारविषयक अधिकारांच्या संदर्भात अमेरिकी काँग्रेस व भारतीय संसद यांच्या भूमिकांतील फरक १९८० व २००८ च्या मतदानांच्या आधारे स्पष्ट करा.